दोन वर्षांच्या पोस्टडॉकसाठी मुलीला घेऊन यावं का?

तुम्ही विचारलंय की व्यवसाय आणि पर्यावरण या विषयात पीएचडी झाली आहे, युरोपातल्या एका बिझनेस स्कूलमध्ये दोन वर्षांचा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी, मिळतोय, मुलगी नऊ वर्षांची आहे, तर यावं का. परवा रात्री हे वाचलं आणि झोप लागेना, म्हणून लिहायला बसले. व्हिसा, विमा, होस्टिंग अ‍ॅग्रीमेंट (बोलावणाऱ्या संस्थेचा संशोधकाशी करार) हे विद्यापीठाच्या कागदांत सापडेल. एकच सांगते: तुमच्या पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर नाव बदलल्याचा कागद निघण्याआधीच करून घ्या. माझे त्यात चार महिने गेले. दर खेपेला नवा अधिकारी आणि तोच प्रश्न, ही पदवी तुमचीच कशावरून?

आता कामाचं. बिझनेस स्कूलमध्ये तुम्ही काय लिहिलं यापेक्षा कुठे छापलं ते आधी बघतात. फायनान्शियल टाइम्स या वृत्तपत्राची ५० संशोधन-नियतकालिकांची यादी अनेक ठिकाणी प्रमाण धरतात, आणि ‘जर्नल ऑफ क्लीनर प्रॉडक्शन’ त्या यादीत नाही. माझा सगळ्यात मेहनतीचा निबंध तिथे आला होता. बढतीच्या वेळी तो कुणी हिशेबातच धरला नाही. पर्यावरणवाले म्हणाले हे मॅनेजमेंट, मॅनेजमेंटवाले म्हणाले हे इंजिनिअरिंग. तेव्हा सही करण्याआधी कोणती यादी मानता ते स्पष्ट विचारा, त्यात संकोच नको.

प्रकल्प एकाच कायद्यावर उभा असेल तर तेही तपासा. कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांचा युरोपीय निर्देश, सीएसआरडी, २०२३ च्या जानेवारीत लागू झाला आणि सगळ्यांना आमच्यासारखी माणसं हवीशी झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत युरोपियन कमिशनने त्याची व्याप्ती कमी करण्याचा प्रस्ताव आणला, एप्रिलमध्ये बऱ्याच कंपन्यांची मुदत दोन वर्षांनी पुढे गेली. आमच्या प्रकल्पातल्या कंपनीने त्याच उन्हाळ्यात डेटा पाठवणं थांबवलं. माझ्याबरोबरच्या मुलाचा करार पुढे वाढला नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. पीएचडीच्या काळात मी एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेवर) महिनोन्‌महिने जायचे. एकदा ऑपरेटरने रजिस्टर पुढे केलं. आठवडाभराचे सीओडीचे, म्हणजे पाणी किती दूषित आहे त्याच्या चाचणीचे, आकडे एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेले. मी गप्प राहिले. तोच म्हणाला, “मॅडम, टेस्टची केमिकल्स संपलीत, दोनदा मागितलीत.” माझा अख्खा शोधनिबंध त्या वाक्यातून निघाला. आज अशी युनिटं माझ्याकडे एक्सेलमधला एक चौकोन होऊन येतात. स्कोप ३, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कामाबाहेर, पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतच्या साखळीत होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन, त्याचे जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या नियमावलीच्या २०११ च्या मानकात १५ प्रकार आहेत. पुरवठादाराचा आकडा मिळाला नाही की खरेदीची रक्कम घ्यायची, त्या क्षेत्राच्या सरासरी गुणकाने गुणायची. पद्धत मान्य आहे, मी ती शिकवतेही. पण त्या युनिटने बॉयलर बदलून निम्मं इंधन वाचवलं तरी हा आकडा जागचा हलत नाही. उलट कंपनीने त्याला चांगला भाव दिला, तर उत्सर्जन वाढलेलं दिसतं! हे वर्गात सांगताना माझा आवाज चढतो, कारण गेल्या चार वर्षांत मी स्वतः एकाही युनिटच्या दारात गेलेली नाही. फील्डवर्कला पैसे नव्हते, मग वेळ नव्हता, मग मी मागणंच सोडलं.

मुलीच्या शाळेचं. माझी दहा वर्षांची होती. भाषा येत नाही म्हणून एक वर्ष मागे बसवली, गणितात पुढे असूनही. मीटिंगमध्ये बाई बोलत होत्या आणि मी मान डोलवत होते, कारण तासाभरात माझं लेक्चर होतं. त्या लेक्चरमध्ये मी शिकवलं की ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो पण ज्यांचं म्हणणं अहवालात येत नाही, त्यांना आधी विचारा. माझ्या मुलीला मी विचारलं नव्हतं. ती आता सोळाची आहे, छान शिकतेय, तो विषय निघाला की मात्र उठून जाते. तुम्ही गणिताची वेगळी चाचणी घ्यायला सांगा आणि ती होईपर्यंत कशावरही सही करू नका.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. कामात दिवस जातो.

तर या, पण वर्षातून सहा आठवडे प्रत्यक्ष कारखान्यात जाण्याचा खर्च करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका. मसुदा हातात आला की मला पाठवा, ते कलम मी लिहून देते. माझ्या करारात ते नव्हतं.