‘कितवा’चं उत्तर देणारी संख्या

एका वाचकाने विचारलं आहे: “गणितीय तर्कशास्त्रावर मराठीत टिपण लिहितो आहे. त्यात ‘ऑर्डिनल’ (रांगेतली जागा सांगणारी संख्या) हा शब्द पावलोपावली येतो. व्याकरणातला ‘क्रमवाचक’ घ्यावा, सरळ ‘क्रमांक’ म्हणावं, की संस्कृतातला ‘पूरण’ उचलावा? ओमेगा, एप्सिलॉन-शून्य अशा अनंतापलीकडच्या संख्यांनाही तो शब्द शोभायला हवा.”

माझा कौल ‘क्रमसंख्या’ला आहे. पण त्याआधी एका अस्सल मराठी शब्दाकडे वळायला हवं, कारण ही संकल्पना त्या शब्दात आधीच बसलेली आहे. तो शब्द म्हणजे ‘कितवा’.

आपल्याकडे ‘किती’ आणि ‘कितवा’ असे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘किती मुलं?’ याचं उत्तर ‘पाच’. ‘कितवा मुलगा?’ याचं उत्तर ‘पाचवा’. इंग्रजीत दुसऱ्या प्रश्नाला सुटसुटीत शब्द नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो. गुजरातीत मात्र ‘केटलामो’ आहे. जर्मनमध्येही आहे: ‘वीफील’ म्हणजे किती आणि ‘वीफील्टे’ म्हणजे कितवा. जर्मन माणूस तारीखसुद्धा ‘आज कितवी?’ अशी विचारतो. तिथे आपण मात्र ‘आज किती तारीख?’ म्हणतो. जर्मनचा उल्लेख सहज केलेला नाही. या अनंतापलीकडच्या संख्या जन्माला घालणारा गणिती गेऑर्ग कँटोर जर्मनमध्येच लिहीत होता.

मोजकी माणसं असतील तोवर ‘किती’ आणि ‘कितवा’ हातात हात घालून चालतात. शेवटचा माणूस सतरावा असेल तर माणसं सतरा. रांग अनंत झाली की दोघांची फारकत होते. १, २, ३… अशा न संपणाऱ्या रांगेत पुढे एक माणूस घुसला तर प्रत्येकाचा नंबर एकेकाने सरकतो, पण रांगेची ठेवण तीच राहते. तोच माणूस सगळ्यांच्या मागे उभा राहिला तर? त्याच्या आधी १, २, ३… हे सगळे नंबर संपलेले आहेत. तो हजारावा नाही, कोट्यवधीवाही नाही. तो ओमेगावा: या सगळ्या नंबरांनंतरच्या पहिल्या संख्येचं नाव ओमेगा. दोन्ही रांगांत माणसं ‘किती’, याचं उत्तर एकच येतं. ‘कितवा’ची उत्तरं मात्र बदलतात. म्हणून एक अधिक ओमेगा म्हणजे ओमेगाच, पण ओमेगा अधिक एक ही त्याहून मोठी संख्या. गंमत अशी की १८८३च्या प्रबंधात कँटोरने या कल्पनेला ‘अनत्साल’ हा शब्द वापरला होता, आणि रोजच्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘किती’कडेच झुकतो. १८९७च्या लेखात त्याने ‘ऑर्डनुंग्सत्साल’ वापरला. ऑर्डनुंग म्हणजे क्रम, त्साल म्हणजे संख्या.

आता एकेक पर्याय पाहू.

‘क्रमांक’ नको. क्रमांक ही ओळखीची पाटी असते. १०२ क्रमांकाची बस १०१ क्रमांकाच्या बसमागून येते असं नाही. क्रमांकांची बेरीज-गुणाकार कोणी करत नाही, इथे मात्र ते पदोपदी करायचे असतात.

‘क्रमवाचक’ चुकीचा नाही, पण वाचक असतो तो शब्द. ‘पाचवा’ हे क्रमवाचक विशेषण आहे आणि त्याला विशेष्य लागतं. आपल्याला हवं आहे ते स्वतंत्र नाम.

‘पूरण’वर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण तो फार देखणा शब्द आहे. पाणिनीच्या पाचव्या अध्यायातलं सूत्र आहे, ‘तस्य पूरणे डट्’. ज्याच्या येण्याने पाच पूर्ण होतात तो पाचवा, अशी ही दृष्टी. (तिथेच ‘षट्कतिकतिपयचतुरां थुक्’ या सूत्राने षष्ठ आणि चतुर्थ यांच्या जोडीला ‘कतिथ’ही सिद्ध होतो. म्हणजे ‘कितवा’ असा प्रश्न संस्कृतालाही विचारता येत होता. पंचमातला ‘म’ मराठीत ‘व’ होऊन ‘पाचवा’ झाला. षष्ठ मात्र सटवीच्या नावात उरला आणि रोजच्या मोजणीत ‘सहावा’ने त्याची जागा घेतली.)

पण नेमका ओमेगापाशी ‘पूरण’ अडतो. १, २, ३… ही रांग पूर्ण करणारा कोणीच नाही, कारण तिला शेवटचा माणूसच नाही. मागून जो ओमेगावा येतो तो ओमेगा पूर्ण करत नाही. तो आला की रांग ओमेगा अधिक एक एवढी होते. म्हणून योहान फोन नॉयमानने १९२३मध्ये व्याख्या केली ती उलट्या बाजूने: प्रत्येक क्रमसंख्या म्हणजे तिच्याआधीच्या सगळ्या क्रमसंख्यांचा संच. इथे प्रश्न ‘कोणाच्या येण्याने पूर्ण झालं’ असा नसून ‘आधी कोण कोण होऊन गेले’ असा आहे. साहजिकच मोजणी शून्यापासून सुरू होते.

हा फरक तुमच्या टिपणात वेगाने वाढणाऱ्या फलनांपाशी बोचेल. (फलन म्हणजे दिलेल्या संख्येवरून ठरावीक नियमाने दुसरी संख्या देणारी रीत.) पहिलं फलन दिलेल्या संख्येत १ मिळवतं. पुढचं प्रत्येक फलन मागच्या फलनाला, दिलेली संख्या जेवढी तेवढ्या वेळा लागोपाठ लावतं. ३ घेऊन पाहा. पहिलं देतं ४, दुसरं ६, तिसरं २४. चौथं देतं २ चा ४०,२६,५३,२११ वा घात गुणिले ३. बारा कोटींहून जास्त अंकांची संख्या! मराठीत आपण याला चौथं फलन म्हणू, पण पुस्तकात त्याच्या नावाखाली छोटं ३ लिहिलेलं असतं, कारण त्याच्या आधी तीन फलनं झालेली असतात. ओमेगावं फलन या सगळ्यांनंतर येतं: त्याला ३ दिलं तर ते हेच ३ क्रमसंख्येचं फलन वापरतं, १० दिलं तर १० क्रमसंख्येचं.

तीच बारा कोटी अंकांची संख्या रूबेन गुडस्टीनच्या १९४४च्या प्रमेयात पुन्हा भेटते. एखादी संख्या २ च्या घातांत मांडा, घातांकसुद्धा २ च्याच घातांत. जिथे २ आहे तिथे ३ लिहा आणि आलेल्या संख्येतून १ वजा करा. मग ३ च्या जागी ४, पुन्हा १ वजा. (दर वेळी एकाने वाढणारा हा आकडा म्हणजे पाया.) ४ पासून निघालं तर २६, ४१, ६०, ८३, १०९ असं वाढतच जातं. तरी ही माळ शेवटी शून्यावर येते. तेव्हा पाया त्या बारा कोटी अंकांच्या संख्येहून फक्त एकाने कमी असतो.

का येते? प्रत्येक पायरीला पायाच्या जागी ओमेगा लिहा. ४ चा होतो ओमेगाचा ओमेगावा घात. २६ चं होतं ओमेगाचा वर्ग दोनदा, ओमेगा दोनदा आणि २. ४१ ला शेवटचा २ घटून १ होतो, ६० ला तोही जातो. वर आकडे फुगत असताना खाली क्रमसंख्या दर पायरीला उतरते, आणि क्रमसंख्यांच्या जिन्यावरून कोणालाही अनंत पायऱ्या उतरता येत नाहीत. ही सिद्धता मला गणितातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

ओमेगा, ओमेगाचा ओमेगावा घात, त्याच्यावर आणखी घात, या सगळ्यांनंतरची पहिली क्रमसंख्या म्हणजे एप्सिलॉन-शून्य. गेरहार्ड गेंट्झेनने १९३६मध्ये तिथपर्यंतचं विगमन (आधीच्या सगळ्यांना लागू पडतं ते पुढच्यालाही पडतं असं दाखवून सगळ्यांसाठी सिद्ध करण्याची रीत) वापरून पेआनोच्या अंकगणितात, म्हणजे साध्या पूर्ण संख्यांच्या नियमावलीत, विसंगती नाही हे सिद्ध केलं. १९४३मध्ये त्याने दाखवलं की त्याखालच्या कोणत्याही क्रमसंख्येपर्यंतचं विगमन त्या अंकगणिताच्या आत सिद्ध होतं, एप्सिलॉन-शून्यापर्यंतचं होत नाही. गुडस्टीनचं प्रमेयही त्या अंकगणिताच्या आवाक्याबाहेर आहे, हे लॉरी कर्बी आणि जेफ पॅरिस यांनी १९८२मध्ये सिद्ध केलं. सिद्धतांचाच असा अभ्यास करणाऱ्या शाखेला (इंग्रजीत ‘प्रूफ थिअरी’) ‘सिद्धतामीमांसा’ म्हणा. ‘प्रमाणमीमांसा’ तत्त्वज्ञानात ज्ञानाच्या साधनांसाठी रुळलेला आहे, तो नको.

‘क्रमसंख्या’बद्दल एक सावधगिरी: हिंदीत ‘क्रम संख्या’ म्हणजे आपला अनुक्रमांक, यादीच्या पहिल्या रकान्यातला. मराठीत ते काम ‘अ. क्र.’ करतो, त्यामुळे आपल्याकडे हा शब्द मोकळा आहे. हिंदीतून येणाऱ्या वाचकांसाठी एकदा व्याख्या द्या.

आणि ‘-वा’ लावायला बिचकू नका. आपण ‘एनवं पद’ म्हणतोच. सहा-सहावा, बारा-बारावा, तसं ओमेगा-ओमेगावा. आकारान्त असल्याने तो नीट बसतो. ‘एप्सिलॉन-शून्यावं फलन’ मात्र जिभेवर अडखळतं. तिथे मी ‘एप्सिलॉन-शून्य क्रमसंख्येचं फलन’ असं लिहीन.