ग्रान सेलेत्सियोनेसाठी जास्त पैसे मोजावेत का?

कियांती क्लासिको म्हणजे इटलीतल्या तोस्काना (टस्कनी) प्रांतातली रेड वाईन. तिची जास्त मुरवलेली रिझर्वा आणि तिच्याहून कितीतरी महाग, सगळ्यात वरच्या दर्जाची ग्रान सेलेत्सियोने, यात खरंच फरक आहे की नुसतं मार्केटिंग, असं विचारलंय तुम्ही. मार्केटिंग तर आहेच हो, पण ते करायची वेळ का आली ते बघा.

1970 च्या आसपास कियांती म्हणजे गवतात गुंडाळलेल्या बाटलीतली स्वस्त वाईन अशीच ख्याती होती, त्यात नियम असा की रेड वाईनमध्ये थोडी पांढरी द्राक्षं घालायचीच. तिथलं वाईन बनवणारं अँतिनोरी घराणं वैतागून नियमाबाहेर पडलं, 1971 ची तिन्यानेल्लो नावाची वाईन त्यांनी साधी टेबल वाईन म्हणून विकायला काढली आणि नेमकी तीच जगभर गाजली. द्राक्षं कियांती क्लासिकोच्याच टेकड्यांवरची, पण लेबलवर कियांतीचं नावच नाही! म्हणजे कौतुक झालं ते कंपनीचं, प्रदेशाच्या पदरात काही नाही.

2014 मध्ये कियांती क्लासिकोच्या उत्पादकांच्या संघाने रिझर्वाच्या वर ग्रान सेलेत्सियोने आणली ती यासाठीच, की आपली भारी वाईन पण काळ्या कोंबड्याच्या, म्हणजे कियांती क्लासिकोच्या शिक्क्याखालीच विकली जावी. (नुसत्या 'कियांती'वर तो कोंबडा नसतो, ते वेगळं प्रकरण आहे, गल्लत करू नका.) रिझर्वा 24 महिने मुरवावी लागते, ही 30 महिने आणि द्राक्षं स्वतःच्याच मळ्यातली हवीत. आता सहा महिने जास्त ठेवल्याने वाईन दुप्पट चांगली होते असं मला तरी वाटत नाही, उलट काही जण इतकं ओक (लाकडी पिंपाची चव) मारतात की सान्जोव्हेजेची, म्हणजे इथल्या मुख्य द्राक्षाची, ती आंबटगोड चेरीसारखी चव पार दबून जाते. आणि तिन्यानेल्लो? ती अजूनही बाहेरच, 'तोस्काना' नावाने विकली जाते.

खरी कामाची गोष्ट नंतर आली. 2021 मध्ये संघाने कियांती क्लासिको भागाचे 11 तुकडे पाडले, राद्दा, गाइओले, पान्झानो, लामोले वगैरे, आणि ही नावं सध्या फक्त ग्रान सेलेत्सियोनेच्याच लेबलवर टाकता येतात. राद्दा, लामोले उंचावर, थंड, तिथली वाईन हलकी आणि तरतरीत, खाली दक्षिणेला कास्तेल्नुओव्हो बेरार्देंगाकडची जास्त भरदार. लेबलवर असं गावाचं नाव असेल आणि तोच फरक चाखायचा असेल तर द्या पैसे. नाहीतर चांगल्या प्रोड्युसरची साधी क्लासिको घ्या, मी तर जेवणाबरोबर तीच उघडतो.