वाचकांचे प्रश्न : मोटार क्लबातील सभासद पुन्हा कसे येतील?

प्रश्न : आम्ही काही मित्रांनी चार वर्षांपूर्वी कोल्हापुरात मोटारप्रेमींचा एक क्लब सुरू केला. सभासद 42 आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दसरा चौकातून निघायचे, पन्हाळा किंवा जोतिबाला जायचे, मिसळ खायची, फोटो काढायचे आणि दुपारच्या आत परतायचे, असा आमचा क्रम आहे. सुरुवातीला 25 ते 30 गाड्या येत असत. आता सात-आठच्या वर येत नाहीत. टी-शर्ट छापले, वर्गणी कमी केली, तरी फरक पडला नाही. तरुण सभासदांचे म्हणणे असे की पहाटे महामार्गावर शर्यत लावली तर सगळे येतील. आम्ही नवे काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण लिहिलेला क्रम पुन्हा एकदा वाचून पाहावा. पुढच्या गाडीमागे आपली गाडी ठेवण्यापलीकडे सभासदाला त्यात काही करायचे नाही, आणि शेजारी बसलेल्या पत्नीला किंवा मागे बसलेल्या मुलांना तर तेवढेही नाही. पन्हाळा घरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. तिथे जाण्यासाठी कोल्हापूरकराला क्लबाची गरज नसते. गाड्यांची आवड आटली, असे मात्र समजू नये. दसऱ्याच्या शाही सोहळ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा माना उंचावून बघणाऱ्यांत आपले गैरहजर सभासदही असणार. म्हणून नवे ठिकाण शोधण्याआधी सभासदाला नवे काम द्यावे, असे माझे मत आहे.

त्यासाठी सर्वांत योग्य प्रकार म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांची रॅली, जिला मोटारवाले टीएसडी म्हणतात. यात सर्वांत आधी पोहोचणारा जिंकत नाही. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने, नेमक्या वेळी पोहोचणारा जिंकतो. समजा, 24 किलोमीटरचा टप्पा ताशी 36 किलोमीटरच्या सरासरीने पार करायचा आहे, तर बरोबर 40 मिनिटे लागली पाहिजेत. उशिराला गुण कापायचे आणि लवकर येण्याला त्याहून जास्त कापायचे, म्हणजे वेगाचा मोह आपोआप आवरतो. गाड्या दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडाव्यात आणि वेळ नोंदवणाऱ्यांच्या जागा गुप्त ठेवाव्यात. नाहीतर शेवटच्या वळणाआधी गाडी उभी करून घड्याळ बघत बसणारे हुशार लोक निघतातच.

यातली खरी गंमत ओडोमीटरची, म्हणजे गाडी किती किलोमीटर धावली ते दाखवणाऱ्या मापकाची आहे. टायर किती झिजला आहे, मूळ मापाचा आहे की बदललेला आहे, यावर प्रत्येक गाडीचे किलोमीटर थोडे वेगळे पडतात. म्हणून पहिला 10 किलोमीटरचा टप्पा केवळ पडताळणीचा ठेवावा. आयोजकांच्या गाडीने जिथे 10 मोजले तिथे आपल्या गाडीने 10.3 दाखवले, तर पुढचा सगळा हिशेब त्या प्रमाणात करावा लागतो. तो न केल्यास 24 किलोमीटरच्या टप्प्यात सुमारे 720 मीटरची चूक होते, आणि ताशी 36 किलोमीटरला तिचे 72 सेकंद होतात. हा हिशेब चालकाने करायचा नसतो, शेजारच्याने करायचा असतो. ज्या घरात आजवर ‘तुमचा तो क्लब’ असा उल्लेख होत होता, तिथे कागद-पेन्सिल हातात आलेली व्यक्ती पुढच्या रॅलीची तारीख स्वतःहून विचारू लागते.

मार्ग म्हणून फुलेवाडी, कळे, साळवणवरून गगनबावड्याचा रस्ता चांगला आहे. मात्र घाट उतरू नये आणि महिना विचारपूर्वक निवडावा. कारखान्यांची धुराडी पेटली की आपल्याकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचेच राज्य असते, आणि त्यांच्यामागे अडकलेल्या गाडीला सरासरी राखायला सांगणे म्हणजे धोकादायक ओव्हरटेकला आमंत्रण देणे आहे. पाऊस ओसरल्यावर आणि हंगाम सुरू होण्याआधी जी थोडी मोकळीक मिळते ती साधावी, किंवा सरळ एप्रिलची वाट पाहावी.

दुसरा प्रकार इंधन बचतीच्या स्पर्धेचा. याबाबत एक इशारा स्वानुभवावरून देतो. आम्ही एकदा अवघ्या 40 किलोमीटरची अशी स्पर्धा घेतली. लिटरला 20 किलोमीटर धावणाऱ्या गाडीला त्यात दोन लिटर इंधन लागते. पंपाच्या नोझलने अर्धा लिटर आधी ‘टक्’ केले तर इंधनाचे माप पाव हिश्शाने चुकते. बक्षीस कोणाला मिळाले ते सांगत नाही, पण ते गाडी चालवण्याच्या कौशल्याला मिळाले नव्हते. त्यामुळे अंतर किमान दीडशे किलोमीटर ठेवावे, सुरुवातीला आणि शेवटी एकाच पंपावर, एकाच नोझलने टाकी भरावी, आणि पेट्रोल व डिझेल यांचे गट वेगळे करावेत.

गाडी न हलवताही कार्यक्रम होऊ शकतात, आणि त्यासाठी कोल्हापूरइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वाहनांचे सुटे भाग ओतले जातात. आपल्या सभासदांपैकी कोणाची तरी तिथे ओळख निघेलच. वाळूचा साचा कसा बांधतात, सुमारे 1400 अंशांचा लोखंडाचा रस त्यात कसा ओततात आणि थंड झाल्यावर त्यातून ब्रेक ड्रम कसा बाहेर पडतो, हे ज्याने एकदा पाहिले तो घाटात ब्रेकवर पाय ठेवून गाडी उतरवताना दोनदा विचार करील. दहा-पंधरा जणांचीच तुकडी न्यावी आणि चपला घालून कोणी येऊ नये. कोल्हापुरीसुद्धा चालणार नाही. शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या जुन्या मिस्त्रींना इंजिन खोलून दाखवण्याची विनंती केल्यास एक संध्याकाळ कमी पडेल.

पावसाळ्यात फिरणे जिकिरीचे असते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात पुराच्या तयारीची एक बैठक घ्यावी. 2019 आणि 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता, त्यामुळे हा विषय कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. पाण्यात उभी राहिलेली गाडी पूर ओसरल्यावर चालू करून पाहण्याची चूक अजूनही होते. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ते शिरलेले असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी बॅटरीची तार काढून गाडी टोइंगनेच गॅरेजला न्यावी. कोणत्या सभासदाचे अंगण उंचावर आहे आणि तिथे किती गाड्या मावतील, याची यादी त्याच बैठकीत केली तर क्लबाचा उपयोग वर्गणी थकवलेल्यालाही पटेल.

राहिला प्रश्न शर्यतीचा. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 189 नुसार गुन्हा आहे, आणि केवळ भाग घेणाराच नव्हे तर शर्यतीला परवानगी देणाराही त्यात सापडतो. क्लबाचे पदाधिकारी म्हणून आपण या वाटेला अजिबात जाऊ नये. टीएसडी ही शर्यत नसली, तरी तिचा मार्ग आणि वेळापत्रक संबंधित पोलीस ठाण्यांना लेखी कळवून ठेवावे. तरुणांचा हट्टच असेल तर पहिल्या रॅलीचा मार्ग आखण्याचे, अंतरे मोजण्याचे आणि गुप्त जागांवर घड्याळ घेऊन बसण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे; मार्ग आखणाऱ्याला स्पर्धेत उतरता येत नाही, हा नियम मात्र त्यांना आधी सांगावा.