आधी फोडी पूस

बेटा,

कैरीच्या लोणच्याच्या बरणीचा फोटो पाहिला. वर आलेला पांढरा थर मिठाचा नाही, बुरशीचा आहे. वरचं काढून खालचं वापरू का, असं विचारलंस. नको. बुरशीचे तंतू खालपर्यंत उतरलेले असतात, सगळं टाकून दे. किलोभर कैरी गेली तर गेली. पण "आजीच्या हाताला गुण होता, माझ्या हाताला नाही" असं जे लिहिलंस ते मला मुळीच पटलं नाही. हाताचा इथे काय संबंध? तुझ्या फोडी ओल्या होत्या.

चिरलेल्या फोडी तू रात्रभर हॉलमध्ये पंख्याखाली पसरल्यास आणि कूलर चालू होता. तिथेच घात झाला. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, नागपूरची हवा अशी कोरडी की गच्चीवरचं धुणं तासाभरात कडक होतं. पण तीच हवा कूलरच्या ओल्या गवतातून खोलीत येते तेव्हा पाणी घेऊन येते. त्या खोलीत उघडा ठेवलेला पापडसुद्धा मऊ पडतो. फोडी कोरड्या कशा होणार?

आता नीट वाच. कैरी घट्ट, आंबट, कोय धरलेली घे. धुवायची ती अख्खी असताना. दोन-तीन तास पाण्यात ठेव, देठाचा चीक जाऊ दे, मग पुसून तासभर पसर. एकदा चिरली की तिला पाणी दाखवायचं नाही. बाजारातून फोडून आणलीस तर त्यांचा लाकडी ठोकळा आणि अडकित्ता दिवसभर ओलेच असतात, म्हणून घरी आल्यावर प्रत्येक फोड सुती कापडाने पूस. प्रत्येक, मूठभर एकदम नाही. कोयीच्या आतल्या बाजूला कागदासारखा पापुद्रा असतो, तो नखाने काढ. ओल त्याच्याखाली दडून बसते. हे काम कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे. तरी करायचं.

एक किलो फोडींना 200 ग्रॅम जाडं मीठ, 20 ग्रॅम हळद, 100 ग्रॅम मोहरीची डाळ, 75 ग्रॅम तिखट, तेलात परतून कुटलेली 15 ग्रॅम मेथी, 10 ग्रॅम हिंग, 300 ग्रॅम तेल. मीठ कोरड्या कढईत गरम करून निववून घे, त्यातही ओल असते. आधी फक्त मीठ-हळद चोळून रात्रभर ठेव. सकाळी तळाशी खार सुटलेला दिसेल. ते पाणी पाहून घाबरून फेकू नकोस. ते कैरीचं आहे, खारट आणि आंबट. त्यात बुरशी सहजी धरत नाही. वैरी आहे ते बिनमिठाचं पाणी, जे आपण नळावरून, हातावरून, चमच्यावरून आत नेतो. खार बाजूला ठेव, फोडी तीन-चार तास गच्चीवर सावलीत पसर, मग मसाला आणि खार दोन्ही घालून कालव. तेल धूर निघेपर्यंत तापवून पूर्ण गार कर. कोमट तेलही चालणार नाही, फोडी मऊ पडतात आणि तिखट काळवंडतं. तेल फोडींच्या वर बोटभर उभं राहिलं पाहिजे, कारण बुरशीला हवा लागते. चार दिवसांत तेल खाली गेलं तर आणखी तापवून, गार करून घाल. बरणी दिवसभर उन्हात तापव, गार झाल्यावर हिंगाची धुरी दे, लोणचं भरून तोंडाला कापडाचा दादरा बांध. जेवताना घरातलं कोणीतरी ओला चमचा घालणारच, त्यावरून भांडू नकोस. रोजच्यासाठी लहान बरणी काढ आणि मोठी वर ठेवून दे.

मला लोक कटकटी म्हणतात. म्हणू देत. माझी खंत वेगळीच आहे. इतकी वर्षं विचारणाऱ्या प्रत्येकीला "अंदाजाने घाल" असं सांगत राहिले, आकडे लिहून दिले नाहीत. अंदाज शिकवता येत नाही आणि तो ज्याचा त्याच्याबरोबर जातो. म्हणून तुला ग्रॅम लिहून देते आहे.

पापडांचंही तेच. कटकन मोडले की वाळले. वाकले तर आणखी एक दिवस ऊन दे. आणि गच्चीवरून उचलून गरम गरम डब्यात भरू नकोस. झाकणाला आतून घाम सुटतो, आणि मग तीच ओल.

कुंड्यांबद्दल. इथे उलट झालं आहे, पाणी हवं होतं पण तू चुकीच्या वेळी घातलंस. दुपारी तीनला गच्चीवरच्या पाइपातलं पाणी हाताला चटका देतं, मुळांना काय वाटत असेल? सकाळी सहाला घाल, गरज वाटली तर दिवस बुडाल्यावर पुन्हा. दुपारी पानं माना टाकतात आणि संध्याकाळी उभी राहतात, ती तहान नव्हे. सकाळीच मान टाकलेली दिसली तर तहान. बोट दोन पेरं मातीत घालून बघ. कुंड्या स्लॅबवरून उचलून विटांवर ठेव, वर हिरवी जाळी बांध, मातीवर वाळला पाला पसर. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालतेस, ते बंद कर. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तुळशीच्या पानांच्या कडा त्यानेच करपल्या. टोमॅटोची फुलं गळतात ती उन्हामुळे, पस्तीस अंशांच्या वर फळ धरत नाही. त्यावर खत ओतू नकोस. मृग लागल्यावर दोडका, कारलं, गवार लाव.

रविवारी पुन्हा किलोभर कैरी आण. आभाळ भरलेलं दिसलं तर चिरू नकोस, अख्खी फ्रिजमध्ये ठेव आणि उघडीप होऊ दे. कालवल्यावर चौथ्या दिवशी तेल किती वर आहे त्याचा फोटो पाठव, वरून नाही, बाजूने.