वाचक विचारतात : मालिका, सूत्रसंचालन आणि तारखांचा मेळ

प्रश्न : कॉलेजात पुरुषोत्तम, फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी कामं केली. आता मालिकांसाठी घरूनच ऑडिशनचे व्हिडिओ पाठवतो, पण पुढे काहीच होत नाही. सूत्रसंचालनासाठीही तोच व्हिडिओ चालेल का? (एक वाचक, कोथरूड)

नाही चालणार. मालिकेत नजर लेन्समध्ये गेली की प्रसंग मोडतो आणि सूत्रसंचालनात ती लेन्समधून हटली की प्रेक्षक तुटतो. त्यामुळे व्हिडिओ दोन करा.

मालिकेसाठी फोन आडवा, स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला ठेवा. तुम्ही त्यापासून पाच-सहा फुटांवर, छातीपासून वर दिसाल असे. हातभर अंतरावरून घेतलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. समोरच्या पात्राचे संवाद वाचणारा लेन्सला अगदी खेटून उभा करा. तो बाजूला सरकला की तुमचा चेहराही बाजूला वळतो. तो फोनजवळ असल्याने त्याचा आवाज तुमच्यावर चढतो, म्हणून त्याने हळू वाचावं. खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे नको. पंखा बंद. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा गाद्या-रजया भोवती टाका.

खरी अडचण मात्र अभिनयात असते. भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवलेली भुवई क्लोजअपमध्ये आरडाओरडा वाटते. तेच वाक्य टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला सांगतोय असं म्हणा आणि समोरचा बोलत असताना ऐका. निवड करणारे तुमचं ऐकणंच जास्त बघतात. पाठांतर झालेल्या नटाचे डोळे तेव्हा पुढचं वाक्य शोधत असतात, आणि ते लपत नाही.

सूत्रसंचालनाचा व्हिडिओ दीड मिनिटाचा पुरे, सगळा लेन्समध्ये बघून. स्टुडिओत कानातल्या टॉकबॅकवरून (नियंत्रण कक्षाशी जोडलेल्या इअरफोनवरून) ‘तीस सेकंद वाढव’, ‘आवर’ अशा सूचना तुम्ही बोलत असतानाच येतात. नवखा तिथे वाक्य अर्धवट सोडतो. सराव सोपा आहे: एका कानात आकाशवाणीच्या बातम्या लावा आणि दोन मिनिटं स्वतःचं निवेदन न अडखळता बोला. वाक्यं छोटी ठेवा. ब्रेकवर नेणारं शेवटचं वाक्य आधीच पक्कं असू द्या, म्हणजे वेळ कितीही कमी-जास्त झाली तरी उतरायला जागा राहते.

प्रश्न : मालिकेत छोटी भूमिका मिळतेय, दिवसाच्या मानधनावर. दर शनिवारी पुण्यातले कार्यक्रमही निवेदन करते. दोन्ही जमेल? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

जमेल, पण तसं करारात लिहून घेतलं तरच. दिवसाचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे ते आधी विचारा. हमी नसेल तर कथानक वळलं की महिनाभर घरी बसावं लागतं. दुसरं कलम इतर कामांवरच्या बंदीचं. ‘अन्य वाहिनीवर काम नाही’ एवढंच असेल तर चालेल, ‘अन्य कुठलंही काम नाही’ असं असेल तर तुमचे शनिवार जातात. तोंडी होकार पुरत नाही, कारण आधी चित्रित केलेल्या भागांचा साठा संपत आला की शूटिंगचं वेळापत्रक आदल्या रात्रीही बदलतं. मुंबईत गोरेगावला सकाळी नऊचा कॉलटाइम (सेटवर हजर राहायची वेळ) असेल तर पुण्याहून पहाटे निघावं लागतं, त्यामुळे प्रवास आणि मुक्काम कोणाकडे, तेही स्पष्ट हवं.

पैसे बहुतेक वेळा ९० दिवसांनी येतात. तीन महिन्यांचं भाडं हाताशी ठेवूनच सुरुवात करा. मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते तपासत जा. मालिका आणि कार्यक्रम मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी करावी लागते.

आणि हो, मालिका चालू असताना विचारल्याशिवाय केस कापू नका. एकच प्रसंग कधी दोन वेगळ्या दिवशी चित्रित होतो आणि केस जुळावे लागतात.

प्रश्न : एकाने फोटो पोर्टफोलिओ आणि ‘ऑडिशन नोंदणी’चे मिळून तीस हजार मागितले आहेत. द्यावेत का? (एक वाचक, हडपसर)

अजिबात नाही. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. कोऑर्डिनेटरचं, म्हणजे कलाकाराला काम जुळवून देणाऱ्याचं, कमिशन काम मिळाल्यावर, मानधनातून जातं. फोटो चार पुरेत: समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचा, मेकअप आणि फिल्टर नको.