डझनाला ६० मोजतो, मग भावाला का परवडत नाही?

प्रश्न: मी ऐरोलीला राहते. माहेर रावेर तालुक्यातलं, भावाची दीड एकर केळी आहे. इथे गाडीवर मी डझनाला ६० रुपये देते आणि फोनवर भाऊ म्हणतो यंदा खर्चपण निघणार नाही. मधले पैसे जातात कुठे?

उत्तर: ताई, आधी हिशोब मांडू. आपल्याकडची जी-नाइन जातीची केळी डझनभर काट्यावर टाकली तर दीड ते पावणेदोन किलो भरतात, म्हणजे तुम्ही किलोला ३४ ते ४० देताय. समजा भावाला क्विंटलला १००० मिळाले, तर त्याच्या हातात डझनामागे पंधरा ते साडेसतरा रुपये आले. बाकीचे दलालाने खाल्ले असं आपण पटकन म्हणतो पण ते पूर्ण खरं नाहीये. माल साडेचारशे किलोमीटरच्या वर प्रवास करून येतो, गाडीभाडं, हमाली, मग काही दिवस रायपनिंग चेंबर, म्हणजे कच्ची केळी पिकवायची बंद खोली, त्याचं लाईटबिल, वजनातली घट, शिवाय संध्याकाळपर्यंत गाडीवर काळ्या पडलेल्या फण्या, हे सगळं त्या ६० मध्येच आलं.

खरा फटका बसतो तो बागेत. दीड एकरातले घड एकदम कापणीला येत नाहीत, आज थोडे, आठवड्याने आणखी थोडे. मोठ्या बागायतदाराकडे एका दिवसात ट्रक भरतो म्हणून व्यापारी आधी त्याच्याकडे जातो, तुमच्या भावाच्या बागेत कधी यायचं ते व्यापारीच ठरवणार, दर पलीकडे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा बघून ठरणार, आणि त्यातही जाहीर झालेला भाव एक आणि बांधावर हातात पडतो तो दुसराच. तयार घड थांबत नाही, झाडावरच पिकायला लागला की त्याला कोणी विचारत नाही, मग मिळेल त्या भावात द्यावा लागतो. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

खर्च मात्र आधीच होऊन बसलेला असतो, टिश्यूकल्चरची म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली रोपं, ठिबक, खतं. केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि २०२२ मध्ये त्याची ५० किलोची बॅग १७०० रुपयांवर गेली होती, तेव्हा बाग उभी असणाऱ्याने काय करायचं? त्यात मे-जूनचं वादळ. माझ्या मामाच्या बागेत मी बघितलंय, घड लागलेली झाडं आडवी, घड चिखलात, आणि मामी एकेक घड पदराने पुसून बघत होती की यातला कुठला विकला जाईल का. फळपीक विमा आहे, पण तो हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतो, भाव पडला तर त्यात काही मिळत नाही, आणि केळीला हमीभावही नाही.

भावाला सांगा, शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून एकाच आठवड्यात लागवड करा. घड बरोबरीने येतात, ट्रक भरतो, मग व्यापाऱ्याशी भावाचं बोलता येतं. तुमच्या सोसायटीला थेट माल हवा असेल तर घड मागवू नका, तिथेच फण्या करून क्रेटमध्ये भरायला सांगा, आणि इकडे वाशी-तुर्भ्याकडच्या एखाद्या चेंबरवाल्याशी आधी बोलून ठेवा, कारण कच्ची केळी घरोघरी वाटून सारखी पिकत नाहीत. सुरुवात श्रावणात करा, उपवासामुळे घराघरात केळी लागतात. पहिल्या खेपेला भावालाच गाडीबरोबर बोलवा, आपला माल इथे कसा उतरतो आणि कितीला विकला जातो ते त्यालाही बघू दे.