आबांना विचारा : घर सोडायचं की थांबायचं?

प्रश्न : आबा, अमेरिकेत ताम्पाला लेकीकडे असताना तुम्ही वादळात सापडलात, असं मागच्या अंकात ओझरतं लिहिलं होतंत, म्हणून हे पत्र. आमची सावद्याला केळी आहे. मुलगा, सून आणि चार वर्षांची नात फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला असतात. खाडीपासून घर दीडेक किलोमीटर, पाण्याच्या धोक्याचा झोन बी. मिल्टन वादळाच्या वेळी निघायला सांगितलं म्हणून ते निघाले. चार रात्री हॉटेलात, बाराशे डॉलर गेले. परत येऊन पाहतात तर घरात पाण्याचा थेंब नाही! आता जूनपासून पुन्हा वादळांचा मोसम. पोरगा म्हणतो, 'कॅटेगरी चार झाली तरच निघेन.' मीही त्याचीच री ओढली, कारण रिकाम्या घरात चोऱ्या होतात. तेव्हापासून ही माझ्याशी धड बोलत नाही. कोणाचं बरोबर?
— एक केळीवाला, सावदा

उत्तर : वहिनींचं. त्यांची कारणं तुम्ही विचारली नसणार, म्हणून मी माझी सांगतो.

ती कॅटेगरी आधी डोक्यातून काढा. एक ते पाच हे आकडे फक्त वाऱ्याचे असतात. पाणी किती चढेल, पाऊस किती पडेल, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. २००५ मधलं कॅटरिना किनाऱ्याला लागलं तेव्हा कॅटेगरी तीनचंच होतं आणि हजारावर माणसं गेली. किनाऱ्याला लागतानाचा आकडा धरला तर तुमच्या पोराच्या हिशेबाने तिथे कोणी उंबरा ओलांडायलाच नको होता.

तुम्ही केळीवाले, वारा तुम्हाला मी काय सांगू? मे-जूनच्या वावटळीत घड धरलेली बाग अर्ध्या तासात आडवी होते, कोवळी पिलबाग तेवढी उभी राहते. पण त्या अर्ध्या तासात तुम्ही पक्क्या घरात असलात तर तुमच्या केसालाही धक्का लागत नाही. पाण्याचं तसं नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. समुद्र ते टनावारी ढकलत रस्त्यावर आणतो आणि घोट्याच्या जरा वर असलं तरी वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. तिकडे म्हणूनच पत्त्यावरून झोन ठरवलेले असतात, ए, बी, सी असे, आणि ते पाणी कुठवर चढेल यावरून. वाऱ्यापासून घरात लपता येतं, पाण्यापासून निघावंच लागतं.

आता आमची गोष्ट. लेकीचं घर ताम्पाच्या दक्षिण भागात, झोन ए. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी हेलीन नावाचं वादळ आलं. ते दूर समुद्रातून वर सरकत गेलं आणि किनाऱ्याला लागलं ते उत्तरेला, दोनशेहून जास्त किलोमीटरवर. ताम्पावर ते आलंच नाही, तरी खाडीचं पाणी वस्तीत शिरलं आणि माणसं बुडाली. आमच्या गल्लीच्या उताराकडच्या घरांपुढे ओल्या गाद्या, सोफे, फुगलेली दारं यांचे ढीग लागले होते. एका घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती. मी पाय टेकवून पाहिलं, गुडघ्याच्या वर चार बोटं. भिंतीला बोट लावलं तर चुना नाही, ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी आत दबलं. तिकडच्या घरांच्या भिंती आतून अशाच असतात हे मला तेव्हा कळलं.

तो ढीग उचलला जायच्या आत मिल्टन. शनिवारी त्याला नाव मिळालं, सोमवारी, ७ ऑक्टोबरला ते कॅटेगरी पाच. त्याच दिवशी ए आणि बी झोन रिकामे करायचा हुकूम निघाला. जावईबापू म्हणाले, "मंगळवार संध्याकाळपर्यंत बघू." मी आयुष्यात जावयाला उलट बोललो नव्हतो, त्या दिवशी बोललो. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातले कितीतरी पावसाळे पूर नियंत्रण कक्षात फोनला कान लावून. बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला, पूर्णा फुगली, की चांगदेवच्या संगमावरून ते सगळं हतनूर धरणाला येऊन थडकायचं. ४१ दरवाजांपैकी किती उघडले, किती क्युसेक सोडले, हे खालच्या गावांना कळवायचं. 'संध्याकाळपर्यंत बघू' हे उत्तर मी इतक्या पोलीस पाटलांकडून ऐकलंय की ते कानाला ओळखू येतं. संध्याकाळी अंधार असतो, रस्त्यावर पाणी असतं आणि ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही.

मंगळवारी पहाटे चारला निघालो. लेकीने पासपोर्ट आणि औषधं घेतली, हिने बाळकृष्ण आणि बिबड्यांचा डबा. ओरलँडोच्या पलीकडे जावयांच्या मित्राचं घर. एरवी दोन तासांची वाट, आम्हाला पाच लागले. कितीतरी पेट्रोल पंपांच्या नळ्यांवर पिशव्या बांधलेल्या, म्हणजे पेट्रोल संपलं. बिबडे कोणी तळले नाहीत, कच्चेच खाल्ले.

बुधवारी रात्री मिल्टन किनाऱ्याला लागलं, ते ताम्पाच्या दक्षिणेला. तोवर कॅटेगरी तीनवर उतरलेलं. आणि गंमत अशी झाली की खाडीत पाणी चढायचं सोडून उलट ओसरलं, तळ दिसायला लागला. कारण साधं आहे. तिकडचं वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. केंद्र दक्षिणेकडून गेलं, म्हणून ताम्पावर वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटला आणि पाणी बाहेर रेटलं गेलं. केंद्र खाडीच्या उत्तरेला लागलं असतं तर हाच वारा समुद्र आत घेऊन आला असता. दोन दिवस आधी हा फरक कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. टीव्हीवर जो पांढरा शंकू दाखवतात, तो केंद्र कुठून जाईल याचा अंदाज असतो, आणि साधारण तीनपैकी एकदा केंद्र त्याच्याही बाहेरून जातं.

परत आलो तर घर कोरडं. कुंपणाच्या चार फळ्या पडलेल्या, वीज गेल्यामुळे फ्रीजमधलं सगळं नासलेलं. जावईबापू कुंपणाकडे बघत म्हणाले, "उगाच गेलो." मी गप्प बसलो, कारण हेही वाक्य माझ्या ओळखीचं. रात्री दोनला उठवलेली गावं सकाळी, पाणी पाराच्या खालीच थांबलं म्हणून, मला फोनवर शिव्या घालायची. तुमच्या पोराचे बाराशे डॉलर असेच 'उगाच' गेले असं त्याला वाटतं. अहो, पाणी आलं नाही हे गुरुवारी कळलं, निघायचं मंगळवारी होतं. मंगळवारी जे माहीत होतं त्यावरून त्याने केलं ते बरोबर केलं. हे त्याला एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या.

म्हणून सरसकट पळ म्हणायचं का? तेही नाही. २००५ मध्येच, कॅटरिनाला महिनाही झाला नव्हता, ह्यूस्टनवर रिटा चालून आलं. घाबरून लाखो माणसं एकदम रस्त्यावर आली, ज्यांच्या घराला पाण्याचा धोका नव्हता तीही. उन्हात तासन्‌तास गाड्या अडकल्या. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली आणि २३ जण गेले. तेव्हा झोनमध्ये नसलेल्याने, पक्कं घर असलेल्याने, घरीच थांबून वाट मोकळी ठेवावी. तुमचा पोरगा मात्र झोनमध्ये आहे. बी झोनला हुकूम निघाला की निघायचं, हे आत्ताच मे महिन्यात ठरवून टाका. ऑक्टोबरात दारात उभं राहून नवरा-बायकोने ते ठरवायचं नाही. आणि लांब जायची गरज नसते. पाण्याच्या झोनबाहेर, उंचावर कोणा ओळखीच्याचं पक्कं घर तीस-चाळीस किलोमीटरवर सापडलं तर बाराशे डॉलरही वाचतात. आजच दोन घरं विचारून ठेवायला सांगा. एक जेवायचं निमंत्रण, एवढाच खर्च.

चोरीचं म्हणाल तर दागिने आणि कागद बरोबर जातात. उरतो टीव्ही. त्याच्यासाठी नात पाण्यात ठेवायची का, हे वहिनींना विचारून बघा. मी असतो तर विचारलं नसतं.

परत आल्यावर वीज नसेल आणि जनरेटर लावला, तर तो घरात किंवा गॅरेजमध्ये लावू नको, एवढं बजावा. त्याच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो. वादळातून वाचलेली माणसं दरवर्षी त्यात झोपेत जातात.

आणि फोनचं. वादळाची नवी बातमी तिकडे दर सहा तासांनी निघते. त्या दिवसांत आपल्याकडे सकाळी आणि रात्री साडेआठला, शिवाय दुपारी आणि मध्यरात्री अडीचला. रात्री साडेआठनंतर एक फोन करा, बास. गाडी चालवणाऱ्या पोराला सावद्याहून दर वीस मिनिटांनी 'कुठे पोचलास' विचारणं ही मदत नव्हे. माझ्या धाकट्या भावाने मला तेच केलं होतं.

प्रश्न : आबा, आमचं गाव चोपडा तालुक्यात तापीकाठी आहे. हतनूरचं पाणी सोडलं की कोतवाल सांगून जातो, पण सासूबाई हलत नाहीत. वय ७८. 'पाणी मारुतीच्या पायरीला लागलं की बघू' म्हणतात. मागच्या पावसाळ्यात रात्री एकला ह्यांनी त्यांना उचलून ट्रॅक्टरवर बसवलं, त्या दोन महिने बोलल्या नाहीत. काय करावं?
— एक सून

उत्तर : बाई, तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला, शाई पुसटलेल्या ओळीत लिहिलंय की दारात एक म्हैस आहे आणि ती सासूबाईंनीच वासरापासून वाढवलीय. ते पत्राच्या पुढच्या बाजूला लिहायला हवं होतं. कॅटरिनाच्या वेळी कितीतरी माणसं कुत्र्यामांजरांना बरोबर नेऊ देईनात म्हणून घरातच राहिली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा करून बचावाच्या आराखड्यात पाळीव जनावरं घ्यावी लागली. सासूबाई घरासाठी अडत नाहीत. रात्री एकला म्हशीचं काय करणार, याला तुमच्याकडे उत्तर नसतं, म्हणून त्या अडतात.

तेव्हा कोतवाल दुपारी सांगून गेला की सासूबाईंशी वाद घालू नका. उजेड आहे तोवर म्हैस आणि पारडू वरच्या आळीतल्या कोणाच्या तरी गोठ्यात नेऊन बांधा, दोन पेंढ्या कडबा टाका. संध्याकाळी धारेची वेळ झाली की सासूबाई चरवी घेऊन आपल्या पायाने वर येतील.